अण्णांनी निवडलेली वाळू

यंदा त्सुयू जरा लवकर आला. टीव्हीवरच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून तसं जाहीर केलं की तो आला असं इथं समजायचं. खिडकीबाहेर तो त्याआधीच येऊन बसलेला होता. जपानचा हा पावसाळा. त्याला पाऊस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडचा पाऊस येतो, झोडपतो, उघडतो, मधेच चक्क ऊन पडतं. हा नुसता असतो. जून उजाडला की आभाळ खाली उतरून इमारतींच्या गच्च्यांवर बसतं आणि जुलैचा मध्य आला तरी उठायचं नाव घेत नाही. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते. इतक्या वर्षांत मला इथली थंडी आवडायला लागली, भूकंपाची सवय झाली. त्सुयूशी मात्र माझं कधी जमलं नाही आणि आता जमेल असं वाटतही नाही.

त्सुयू लागला की मला वाळू आठवते. प्लास्टिकच्या बादलीत पाण्याखाली घोळली जाणारी वाळू, तिचा खर्र खर्र आवाज, आणि बादलीवर वाकलेली अण्णांची पाठ. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते इथं एकच त्सुयू राहिले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही तेव्हा टोकियोत ओजिमाला सरकारी वसाहतीत राहायचो, एका लांबलचक इमारतीत, वरच्या मजल्यावर. सगळी दारं सारखी, सगळ्या गॅलऱ्या सारख्या, आणि सगळ्या गॅलऱ्यांत सारखेच न वाळणारे कपडे. माझा नवरा शेखर एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामावर होता. साल दोन हजार लागलं की जगभरची कॉम्प्युटर कोलमडणार अशी तेव्हा हवा होती, आणि ती कोलमडू नयेत म्हणून पुण्या-मुंबईची बरीच मुलं इथं आणलेली होती. शेखर सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. मुक्ता, आमची मुलगी, नुकतीच पहिलीत गेली होती. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. आम्ही आधी रागावलो, मग हसलो, मग त्याकडे लक्ष देणंच सोडलं.

आदल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. कऱ्हाडच्या घरात अण्णा एकटे राहिले. शेजारच्या वहिनींचा एक दिवस फोन आला, की अण्णा चहा-पावावर दिवस काढताहेत, गॅस पेटतच नाही, संध्याकाळी दिवासुद्धा न लावता ओसरीवर बसलेले असतात. शेखर सुट्टी काढून गेला आणि त्यांना घेऊनच आला. व्हिसा तीन महिन्यांचा होता. पुढे वाढवून घेता येईल असं त्याच्या ऑफिसातले लोक म्हणत होते. प्रश्न अण्णांचा होता. ते राहतील का, त्यांचा जीव इथं रमेल का, एवढंच त्या दिवसांत आमच्या डोक्यात होतं. परत त्या बंद घरात गेले तर ते फार दिवस काढणार नाहीत, याची मला आणि शेखरला दोघांनाही धास्ती होती. आम्ही ती एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो इतकंच.

अण्णा आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. ओव्हरसियर म्हणून लागले आणि डेप्युटी इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातले कितीतरी पूल, मोऱ्या, शाळांच्या खोल्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. इथं आल्यावर पहिले काही दिवस ते गॅलरीत उभे राहून समोरच्या इमारतीचं काँक्रीट बघत. कुठं भेग नाही, कुठं ओल नाही, काम चोख आहे, असा शेरा त्यांनी एकदा मारला. मग बघण्यासारखं काही उरलं नाही. पाऊस सुरू झाला आणि खालच्या बागेतलं फिरणंही बंद पडलं. मी केलेलं ते मुकाट्यानं जेवत. ताट उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवत. आंघोळीनंतर न्हाणीघर पुसून घेत. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे. शेजारणींना मी तसं सांगायचेही.

मग डोजो आले. डोजो म्हणजे चिखलात राहणारा एक लांबट, तपकिरी मासा. वर्गातली टाकी गळायला लागली म्हणून मुक्ताच्या बाईंनी त्यातले मासे मुलांना घरी वाटून दिले होते, आणि मुक्ता पिवळी टोपी घालून, छत्री मानेत अडकवून, प्लास्टिकच्या डब्यात दोन डोजो घेऊन दारात उभी राहिली. त्यांना तोंडाभोवती मऊ मिशा होत्या. अन्न शोधताना ते त्या मिशा जमिनीवर चाचपडत फिरवतात आणि भ्यायले की अंगासकट वाळूत घुसतात. म्हणजे टाकीबरोबर वाळू हवीच. अण्णा पुढे झाले आणि म्हणाले की वाळूचं मी बघतो.

इथं आल्यापासून 'मी बघतो' असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. मला काय आनंद झाला सांगू.

स्टेशनजवळच्या बाजारात माशांचं एक दुकान होतं. त्या शनिवारी आम्ही तिघं छत्र्या घेऊन निघालो. दुकानात वाळूच्या पिशव्यांची अख्खी भिंत होती. काळी, पांढरी, शिंपल्यांच्या चुऱ्याची, नदीतली, भाताच्या खाचरातली. वाळू विकत घ्यायची तीही पिशवीतून, याचंच अण्णांना मोठं हसू आलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या. दुकानदारानं नमुन्याच्या वाट्या पुढे ठेवल्या. अण्णा एकेका वाटीतली चिमूट उचलत, कानाशी नेऊन बोटांत चोळत, तळहातावर घासून डाग राहतो का बघत. एक चिमूट तर त्यांनी दाताखाली धरून पाहिली, आणि मुक्ता हरखून त्यांच्याकडे बघत राहिली.

दुकानदारानं डोजोसाठी म्हणून एक बारीक, गोल दाण्यांची वाळू काढून दिली. अण्णांनी ती मुठीत दाबली आणि सोडून दिली. ही पिठी झाली, असं ते म्हणाले. हिला पकड नाही. चांगली वाळू हाताला बोचली पाहिजे, कोयनेची वाळू कशी बोचते! शेवटी त्यांनी फोडलेल्या गारगोटीची वाळू पसंत केली, पांढरीशुभ्र, चकचकीत, दाणा न् दाणा टोकदार. मी दुकानदाराला ती द्या म्हटलं. त्यानं स्वतःच्या गालावर बोट फिरवलं आणि 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', असं म्हणून वाक्य अर्धंच सोडलं. इथं नकार असाच अर्धा सोडतात. पुढं काही बोलणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं, त्यानं वाकून पिशवी बांधून दिली. आणि खरं सांगायचं तर त्यानं पुरं वाक्य बोलून दाखवलं असतं तरी अण्णांचा तो उजळलेला चेहरा सोडून मी त्याचं ऐकलं नसतं.

पुढचे दिवस घरात वाळूचेच होते. अण्णा आधी एका काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी भरून जोरानं हलवत आणि खिडकीत ठेवून देत. गाळ वर बसतो, वाळू खाली. मग ते मुक्ताला बोलावून गाळाचा थर दाखवत आणि हा इतका असला तर ठेकेदाराचं बिल अडवायचं, असं बजावत. ती जपानीत काहीतरी विचारी, ते मराठीत भलतंच सांगत, आणि दोघांचं बरं चाललेलं असे. मग धुणं. न्हाणीघरात पाटावर बसून ते बादलीत हात घालत, घोळत, गढूळ पाणी अलगद ओतत, पुन्हा घोळत. त्या पाण्यातला गाळ नळीत जाऊन तुंबू नये म्हणून ते तो दुसऱ्या बादलीत बसू देत आणि माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत नेऊन ओतत. पाणी नितळ झालं तरी त्यांचं समाधान होत नसे. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत असायचे, ते पलीकडे वाळू. इथल्या तांदळात खडा सापडत नाही. तरी माझा हात अजून चुकार खडा शोधत परातीत फिरतो. आम्ही आयुष्यभर खडे वेचून टाकले आणि इथं खडे विकत आणून धुतोय, असं मी एकदा म्हटलं तेव्हा अण्णा मोठ्यानं हसले. सासूबाई गेल्यानंतर मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

त्यांना दाणे सारखे हवे होते. त्यासाठी चाळणी लागली, आणि त्यांनी माझी पुरणाची घेतली. लग्नात आईनं दिलेली, पितळेची. तिची जाळी त्या टोकदार दाण्यांनी एका बाजूनं उसवली. मी ती पाहिली, धुतली आणि मागं ठेवून दिली. ते ओशाळून काहीतरी पुटपुटले तेव्हा मी म्हटलं, “असू द्या हो अण्णा, मी कुठं रोज पुरण करते.”

वाळवायला ऊन नव्हतं. मग तातामीच्या चटईवर वर्तमानपत्रं पसरून वाळू पंख्याखाली ठेवली. ती पंख्यानं उडाली, पायाला लागून घरभर गेली, चटईच्या विणीत बसली, अंथरुणात आली. एका रविवारी पोळीत आली. शेखरच्या दाताखाली कच्चकन वाजलं, मीही ऐकलं. त्यानं घास तसाच गिळला आणि भाजी चांगली झालीय म्हणाला. अण्णा त्याच्याकडे बघत होते. मुक्तानं मात्र तोंडातून खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पुढचा घास घेतला. शाळेत शिकवतात तसं. मला तिचा अभिमान वाटला.

टाकी भरली, डोजो सोडले. पांढऱ्या वाळूवर ते तपकिरी मासे फार देखणे दिसत. अण्णा सकाळचा चहा घेऊन टाकीपाशी बसू लागले. दोन वेळा नीट जेवू लागले. एकदा त्यांनी होऊन चटणी मागून घेतली. मुक्तानं एका संध्याकाळी माशाच्या मिशांकडे बोट दाखवलं, मग आजोबांच्या मिशांकडे, आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. शेखरनं ऑफिसात व्हिसाचं विचारून ठेवलं. त्या थोड्या दिवसांत मला वाटलं, जमलं. बाहेर पाऊस होता, भिंतींना घाम सुटल्यासारखं पाणी होतं, पण घरात एक माणूस परत माणसांत आलेला होता.

मग मासे वाळूत घुसेनासे झाले. कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या बाजूला लटकून राहत. एकाच्या पोटाखाली लाल ओरखडे दिसले, मग त्यांवर पांढरट कापसासारखं काहीतरी धरलं. अण्णांनी पाणी बदललं, पुन्हा बदललं. त्यांना वाटलं पाणी वाईट. ते चष्मा लावून काचेला नाक चिकटवून बसले होते, आणि मला आठवतं, ते एकदम मागं सरले. माशांच्या मिशा राहिल्या नव्हत्या. झिजून तिथं नुसते खुंट उरले होते.

अण्णांनी बाही वर करून टाकीत हात घातला, तळातली चिमूटभर वाळू काढली आणि ती स्वतःच्या ओठाच्या आतल्या बाजूवर घासली. पूल बांधायला जी वाळू लागते तीच त्यांनी निवडली होती. त्यांच्या दृष्टीनं तीच उत्तम, आणि ती उत्तम होतीच. तिच्यावर कुणी तोंड घासत फिरणार आहे, हा विचार बांधकाम खात्यात कुणाला कधी करावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक डोजो पाण्यावर उलटा तरंगत होता. मुक्ता दप्तर पाठीला लावून टाकीसमोर उभी राहिली. ती रडेल, आदळआपट करेल, अशी माझी खात्री होती. अण्णा तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले की माझ्या वाळूनं मेला गं तो. तिला कळलं. असल्या वेळी तिला मराठी बरोबर कळायचं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, “दायजोबु.” काही नाही, ठीक आहे. मग छत्री घेऊन गेली. मी म्हटलं, असू द्या अण्णा, तुमचा काय दोष त्यात. रात्री शेखर आला, त्यालाही सांगितलं. तोही म्हणाला, असू दे अण्णा, दुसरा आणू.

नवी वाळू आणायला अण्णा आले नाहीत. दुकानदारानं पहिल्यांदा दाखवलेली तीच बारीक वाळू मी घेऊन आले. त्यांनी ती धुऊन दिली, पण मी सांगितलं म्हणून, आणि मी पुरे म्हटल्यावर थांबले. उरलेल्या डोजोला ती मानवली. तो तिच्यात शिरून नुसते डोळे बाहेर ठेवून पडून राही. अण्णा चहा घेऊन परत गॅलरीत उभे राहू लागले. ताट उचलून ठेवत होते, न्हाणीघर पुसत होते. आणि एका रविवारी जेवताना त्यांनी शेखरला सांगितलं, की व्हिसा वाढवू नकोस, माझं तिकीट काढ.

शेखरनं पुष्कळ समजावलं. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही, मुद्दे मांडत राहिला. अण्णा मान हलवत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच असताना मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ म्हटलं, “अण्णा, राहा. एका माशावरून इतकं मनाला लावून घेऊ नका.”

“माशावरून नाही, माधवी,” ते म्हणाले. “तुझी चाळणी मी उसवली. पोळीत वाळू गेली. पोरीचा मासा माझ्यापायी मेला. तुम्हा तिघांपैकी एकानंसुद्धा मला बोल लावला नाही.”

मी म्हटलं, तुम्हाला कोण बोल लावणार, तुम्ही घरातले मोठे.

“तुझ्या सासूनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं असतं. पाहुण्यावर कुणी रागवत नाही, बाई. तुम्ही मला फार चांगलं वागवलंत. मी पाहुणा आहे एवढं त्यातून कळलं.”

मी रागावलेच नव्हते असं म्हणावं, तर ते खोटं होतं. मला चाळणीचा राग आला होता का? आला होता, चांगलाच आला होता. तो मी गिळला आणि त्यालाच आदर समजले. शेखरनं पोळीतला खडा गिळला. सहा वर्षांच्या पोरीनं रडू गिळलं. एका माणसाला सांभाळायचं म्हणून आम्ही सगळे त्याच्याभोवती पाय न वाजवता चालत होतो, आणि त्या शांत घरात तो एकटाच पडला होता. मी पुन्हा एकदा राहा म्हटलं. ते म्हणाले, येईन की पुन्हा. तसं म्हणायची पद्धत असते.

अण्णा परत निघाले त्या दिवशीही पाऊस होता. विमानतळावर मुक्तानं कमरेत वाकून त्यांना निरोप दिला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर काही दिवसांतच टीव्हीनं त्सुयू संपल्याचं जाहीर केलं आणि डोळे दिपतील असं ऊन पडलं. मी चटया गॅलरीच्या कठड्यावर टाकून झोडपल्या तेव्हा त्यांतून पांढरी वाळू खाली पडत राहिली.

अजूनही मला हे कोडं पुरतं सुटलेलं नाही. इथं येऊन आम्ही जपान्यांसारखे झालो म्हणावं, तर पुण्यात माझ्या भावाच्या घरी आईशी तो असाच गोड बोलतो. म्हाताऱ्या माणसांवर आपण आवाज चढवायचं सोडतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण सुधारलो. त्यांना काय वाटतं, ते अण्णांसारखं स्पष्ट सांगणारा माणूस क्वचित भेटतो. आता माझ्याही केसांत पांढरं फार झालंय आणि हा विचार मी हल्ली जरा जास्तच करते. बाहेर बघावं तर तोच राखाडी उजेड, दुपार की संध्याकाळ ते कळत नाही.

अण्णा त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. कऱ्हाडच्या घरीच गेले. शेखर पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

पण मधल्या काळात दर रविवारी आम्ही त्यांना फोन करायचो, आणि त्या फोनवर मी त्यांच्यावर रागवायला शिकले. आधी मुद्दाम, थोडं नाटकी. एका रविवारी शेजारच्या वहिनींकडून कळलं, की रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्यात आणि चक्कर येऊन ते अंगणात पडले होते. त्या दिवशी मला नाटक करावं लागलं नाही. काय वाटेल ते बोलले. गोळ्या बंद करायला तुम्ही डॉक्टर लागून गेलात का, आम्ही इथं जीव टांगून बसायचं आणि तुम्ही तिथं मन मानेल तसं वागायचं, मोठे आहात म्हणून काही वाटेल ते करायचं का. शेखर हातानं थांब थांब म्हणत होता. मी थांबले नाही. पलीकडून काहीच आवाज येईना, मला वाटलं फोन कटला.

“ऐकतोय,” अण्णा म्हणाले. “बोल अजून. घरात बसल्यासारखं वाटतंय बघ.”

ते घरातच बसलेले होते. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.